शिट्टीची व्याख्या

आमच्या सरांना ‘कसे आहात?’ असं विचारायची सोय नव्हती. मुलुंडला त्यांच्या इमारतीखाली एक औषधांचं दुकान आहे. तिथल्या दुकानदाराने एकदा सकाळी शटर उघडता उघडता सहज विचारलं, "काय सर, कसे आहात?" सर थांबले, विचारात पडले आणि काही न बोलता निघून गेले. सर रागावले की काय, अशी त्या बिचाऱ्याला दिवसभर चुटपुट. संध्याकाळी दुकानात गर्दी असताना सर परत आले, रांगेत उभे राहिले आणि नंबर आल्यावर म्हणाले, "सकाळच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. कालच्यापेक्षा बरा आहे. पण काल मी कसा होतो ते आता नीट आठवत नाही, म्हणून हे उत्तर कच्चं धरा." दुकानदाराने सवयीने खोकल्याच्या गोळ्या पुढे केल्या. सरांनी त्या घेतल्या.

मी त्यांची विद्यार्थिनी. खरं सांगायचं तर मी त्यांचा अख्खा वर्ग. घाटकोपरच्या एका कॉलेजात सर तत्त्वज्ञान शिकवायचे आणि मला घ्यायचं होतं मानसशास्त्र. फॉर्मवर दोन्ही चौकोन एकाखाली एक होते. मी आणि खिडकीतल्या क्लार्कने मिळून वरच्या, तत्त्वज्ञानाच्या चौकोनावर टिक केली. चार दिवसांनी चूक लक्षात आली तेव्हा आधी सरांना सांगू म्हणून मी त्यांच्या वर्गात गेले. रिकाम्या बाकांसमोर सर मस्टर उघडून बसले होते. मला पाहून ते उभे राहिले. शिक्षक विद्यार्थ्याला पाहून उभा राहिलेला मी पहिल्यांदाच बघत होते. ‘फॉर्म बदलायचा आहे’ हे वाक्य मग माझ्या तोंडातून निघालंच नाही.

रोज हजेरी व्हायची. "रोल नंबर एक." मी म्हणायचे, "हजर." सर मस्टर मिटायचे आणि समाधानाने म्हणायचे, "छान. आज सगळे आले." एकदा मी तापाने दोन दिवस गेले नाही, तर परत आल्यावर त्यांनी गंभीरपणे विचारलं, "परवा आणि काल पूर्ण वर्ग गैरहजर होता. काही आंदोलन वगैरे चालू आहे का?" निकालाच्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की वर्गात मी पहिली आले आहे, आणि शेवटचीही मीच आहे, तेव्हा पेढे वाटताना दोन्ही गोष्टी सांगाव्यात. माझ्यानंतर कोणी आलंच नाही. विषय बंद झाला आणि सर निवृत्त झाले.

त्यांच्या घरी काकू होत्या म्हणून ते घर चाललं. काकूंची सगळी नोकरी पोस्टाच्या काउंटरवर गेलेली, त्यामुळे समोरचा माणूस काहीही बोलला तरी त्यातलं कामाचं तेवढं ऐकायची त्यांना सवय होती. भाजी आणायला त्या मुद्दाम सरांनाच पाठवायच्या. सर भाजीवाल्याला विचारायचे, "ताजी म्हणजे कधीपर्यंतची?" तो सांगायचा, आज सकाळची. सर विचारायचे, सकाळी ती तुझ्याकडे आली की सकाळी ती जमिनीतून निघाली? पाठीमागे बायका खोळंबायच्या. शेवटी भाजीवाला कोथिंबिरीची एक मोठी जुडी त्यांच्या पिशवीत कोंबून हात जोडायचा. "त्यांना वाटतं आपण शोध घेऊन येतो," काकू मला म्हणाल्या होत्या. "मला कोथिंबीर मिळते. चालू दे."

पुढे मी अंधेरीला एका छोट्या कंपनीत लागले. आम्ही नऊ जण, एक खोली आणि एक पॅन्ट्री. आमचा बॉस माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा, मनाने चांगला, पण त्याला दर आठवड्याला जग बदलायचं असायचं. त्या वर्षी त्याला कुकर बदलायचा होता. म्हणजे कुकर तोच, पण त्याच्या शिट्ट्या मोजणारं एक यंत्र. ओट्याजवळ एक डबी ठेवायची, ती शिट्ट्या ऐकणार आणि तीन झाल्या की तुमच्या फोनवर निरोप पाठवणार. ते निरोप लिहिणं हे माझं काम. ‘तुमची डाळ तयार आहे’, ‘तुमचा भात तुमची वाट पाहतो आहे’ अशी वाक्यं मी दिवसभर लिहायचे आणि घरच्यांना सांगायचे की मी टेक्नॉलॉजीत आहे.

यंत्र बनवत होता निलेश. अबोल, कामसू, बोरिवलीचा मुलगा. पॅन्ट्रीत रोज खिचडी लावून तो डबीची परीक्षा घ्यायचा आणि डबी रोज नापास व्हायची. कोणी गाडी मागे घेताना खालच्या वॉचमनने शिट्टी वाजवली की ती मोजायची. पलीकडच्या ऑफिसातला कुकरही मोजायची. अकाउंट्सचा माणूस जिन्यात गाणं शिट्टीवर म्हणत आला, त्या दिवशी डबीने निरोप दिला की एकोणीस शिट्ट्या झाल्या आहेत, कृपया गॅस बंद करा. तेव्हा गॅस अजून पेटवलेलाच नव्हता. उलट आमचा कुकर नुसता फुसफुसला तर डबी ढिम्म. तीन आठवडे आम्ही सगळे दुपारी खिचडी खात होतो. कधी ती कच्ची असायची, कधी खळ. महिनाअखेरीस एक बडे गृहस्थ यंत्र बघायला येणार होते. त्यांना पटून त्यांनी पैसे घातले तर कंपनी राहणार होती, नाहीतर आम्ही नऊ जण घरी.

अशात बॉस कुठूनतरी ऐकून आला की परदेशात मोठ्या कंपन्या पदरी तत्त्वज्ञ ठेवतात. "आपल्याला पण एक फिलॉसॉफर पाहिजे यार," तो म्हणाला. "मूळ प्रश्नच नवीन पद्धतीने बघणारा. कोण ओळखतं का?"

ओळखणारी मी एकटीच होते.

पहिल्या दिवशी सर वेळेवर आले, पण खाली गेटवर अडकले. पाहुण्यांच्या वहीत ‘येण्याचे कारण’ असा रकाना होता आणि सरांनी त्यात लिहिलं होतं, ‘अद्याप स्पष्ट नाही’. वॉचमन म्हणत होता, मीटिंग लिहा. सर म्हणत होते, मीटिंग हा प्रकार आहे, कारण नव्हे. मी खाली पोचले तोवर दोन कुरिअरवाले आणि पाण्याचे जार आणणारा माणूस आपापली कारणं तपासून बघत उभे होते.

वर आल्यावर बॉसने त्यांना सगळं दाखवलं: डबी, फोन, पडद्यावरचे आलेख. सरांनी शांतपणे ऐकलं, आणलेल्या डब्यातलं थालीपीठ सगळ्यांना थोडं थोडं दिलं आणि विचारलं, "शिट्टी म्हणजे काय?"

बॉस हसला. "सर, शिट्टी म्हणजे शिट्टी."

सरांनी उठून ते फळ्यावर लिहिलं. खाली एक रेघ ओढली आणि म्हणाले, "हे अगदी बरोबर आहे. पण हे तुमच्या यंत्राला कसं सांगणार?"

सगळे हसले, निलेशही हसला. पण तो गेले तीन आठवडे नेमकं हेच करायला धडपडत होता आणि त्याला ते इतक्या सरळ कोणी सांगितलं नव्हतं. त्याने खुर्ची पुढे ओढली.

ती मीटिंग दोन तास चालली. फुसफुस ही अर्धी शिट्टी धरायची की शिट्टीचा प्रयत्न? दोन फुसफुशींची मिळून एक होते का? एक लांबलचक शिट्टी मध्येच श्वास घेऊन पुन्हा वाजली तर ती एक की दोन? घरात कोणीच नसताना कुकर वाजला, तर शिट्टी झाली असं म्हणायचं का? यावर अकाउंट्सचा माणूस आणि डिझाइनची मुलगी यांचं खरोखर भांडण झालं. शेवटी निलेश म्हणाला, "सर, डाळ शिजली असेल तर झाली." सर इतके खूश झाले की त्यांनी उरलेलं सगळं थालीपीठ त्याला देऊन टाकलं. बॉस बाहेर जाऊन कपाळ धरून उभा होता. मला म्हणाला, "याने काम पुढे जातंय की मागे, ते तरी सांग." मी म्हटलं, हा प्रश्न त्यांच्यासमोर काढू नकोस.

दुसऱ्या दिवशी सरांनी जाहीर केलं की आपण ज्यांना उत्तर ठाऊक आहे त्यांना विचारलंच नाही. मग मी, सर आणि निलेश घरोघरच्या स्वयंपाकघरांत फिरायला लागलो. पहिल्या काकूच. त्या म्हणाल्या, पहिली शिट्टी झाली की मी आंघोळीला जाते, बाहेर येते तेव्हा कुकर झालेला असतो. मधे किती वाजल्या ते त्या कुकरला माहीत. सरांनी वहीत लिहिलं, ‘शिट्टी = आंघोळीची सूचना’. बोरिवलीला निलेशच्या आईने छातीवर हात ठेवून सांगितलं की त्यांच्याकडे राजम्याला बरोब्बर सात. त्यांच्या जाऊबाई शेजारच्याच खोलीतून ओरडल्या, सात कुठल्या, नऊ. दोघींचा कुकर एकच होता. एका आजोबांनी सांगितलं की शिट्टी झाली की मी पेपरातून मान वर करतो, म्हणजे बायकोला वाटतं माझं लक्ष आहे. सरांची वही भरत चालली आणि निलेशचा चेहरा उतरत चालला. महिना संपायला आठ दिवस उरले होते.

शेवटचं घर माझ्या मावशीचं. मावशी दहिसरला नदीच्या अंगाच्या एका चाळीत राहते. मावशीचे यजमान गिरणीत होते, ते गेले; मुलगा नोकरीनिमित्त गुजरातेत असतो. मावशीचं गाव कणकवलीकडचं, आणि इतकी वर्षं मुंबईत काढूनही तिच्या बोलण्यातून मालवणी काही गेली नाही. मी तिला यादीत शेवटी ठेवलं होतं, खरं म्हणजे ठेवणारच नव्हते, कारण मावशीला ऐकू येत नाही. गेल्या सात-आठ वर्षांत कमी होत होत बंदच झालं. मुलाने कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं, ते तिने साखरेच्या रिकाम्या डब्यात ठेवून दिलं. "ता सोताच शिट्टी मारता," असं तिचं म्हणणं. पण सर म्हणाले, जिला शिट्टी ऐकू येत नाही तिला शिट्टीबद्दल काय वाटतं, हे तर आधी विचारायला हवं होतं.

आम्ही गेलो तेव्हा दार उघडंच होतं आणि मावशी ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. कुकर गॅसवर होता. मी खांद्याला हात लावल्यावर तिने वळून पाहिलं, हसली, बसा अशी खूण केली आणि पुन्हा कुकरकडे वळली. उजवा तळवा तिने ओट्याच्या दगडावर सपाट टेकवला होता, जसा आपण तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो तसा. आम्ही बसलो. शिट्टी झाली. मावशीने डाव्या हाताचं एक बोट दुमडलं. दुसरी झाली, दुसरं बोट. तिसरीला तिने गॅस बंद केला आणि मग पदराला हात पुसत आमच्याकडे आली.

निलेश उभा राहिला होता. सर तर ओट्यापाशी पोचलेसुद्धा होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मावशीला खुणांनी, थोडं ओठांनी विचारलं, तुला कसं कळलं?

मावशीला प्रश्नच विचित्र वाटला असावा. तिने सरांचा हात मनगटाला धरून दगडावर ठेवला, कुकरखालचा गॅस पुन्हा लावला आणि म्हणाली, "हय हात ठेवा, मास्तर. वायच थांबा."

आम्ही तिघेही हात ठेवून उभे राहिलो. थोड्या वेळाने शिट्टीच्या किंचित आधी दगड थरथरला, शिट्टीभर थरथरत राहिला आणि थांबला. "कळता मा?" मावशीने विचारलं.

निलेश एरवी आठवड्यात बोलतो तेवढं एका दमात बोलला. आपण शिट्टी ऐकत बसलो होतो, ती ऐकायचीच नाही. डबी ओट्याला चिकटवायची, थरथर मोजायची. मग वॉचमन वाजवू दे नाहीतर शेजारी, ओटा आपलाच हलणार. शिट्टी म्हणजे आवाज, हे आपण धरूनच चाललो होतो. सरांनी मला फक्त एवढंच सांगितलं की वहीतलं पहिलं पान फाडून टाक, त्यावर चुकून ‘शिट्टी हा एक आवाज आहे’ असं लिहिलंय. ती डाळ मात्र त्या दिवशी पार पिठलं झाली. मावशीने तीच आम्हाला वाढली.

तिथून निघताना मावशीने एक गोष्ट सांगितली, जी मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हती. एकदा कुकरमधलं पाणी आटून सगळं करपलं, झाकणाची रबरी रिंग जळली, धूर गॅलरीत गेला तेव्हा शेजारणी धावत आल्या. मावशी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती, तिला पत्ताच नाही. तेव्हापासून कुकर गॅसवर असेपर्यंत ती ओट्यावरचा हात काढत नाही. संध्याकाळी चाळीतल्या बायका गॅलरीत बसतात, ती वेळ नेमकी कुकरची. त्यामुळे मावशी त्यांच्यात बसायची बंद झाली. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. भाजी कुठे स्वस्त मिळते ते सांगावं तसं सांगितलं.

महिनाअखेरीस ते बडे गृहस्थ आले. निलेशने ओट्याला चिकटणारी नवी डबी केली होती. तिला फसवायला आम्ही शेजारशेजारच्या दोन टेबलांवर शेगड्या मांडून दोन कुकर लावले, डबी एकाच टेबलाला चिकटवली, वॉचमनला वर बोलावून शिट्टी वाजवायला लावली आणि अकाउंट्सच्या माणसाला गाणं म्हणायला सांगितलं. पॅन्ट्रीत नुसता कल्लोळ. डबीने मोजल्या तीन. तिच्या टेबलावरच्या कुकरच्या तीनच झाल्या होत्या. गृहस्थांनी मान हलवली आणि बाजारपेठ किती मोठी आहे असं बॉसला विचारलं. बॉस उत्तर देणार तेवढ्यात सरांनी त्यांना विचारलं, "तुम्ही स्वतः कधी कुकर लावला आहे का?"

बॉसने डोळे मिटले. गृहस्थांनी बराच विचार केला आणि कबूल केलं की नाही, कधीच नाही. सर म्हणाले, मग इकडे या, आणि त्यांनी त्यांचा हात टेबलावर ठेवायला लावला. सूट घातलेला तो माणूस पाच मिनिटं टेबलावर हात ठेवून, मान तिरकी करून उभा होता. थरथर आली तेव्हा तो दचकला आणि लहान मुलासारखा हसला. पुढचं बोलणं सोपं गेलं. कंपनी राहिली.

बॉसने सरांना कायमचं ठेवून घ्यायचं ठरवलं. ‘मुख्य विचार अधिकारी’ अशी कार्डंही छापली. सरांनी त्यातलं एक उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, मुख्य विचार मी करायचा, तर बाकीच्यांनी कुठला करायचा? मग त्यांनी कार्डं परत केली, पण रागाने नाही. काकूंनी त्यातली चार मागून घेतली, डब्यांवर नावं लिहायला पाठची बाजू कोरी आहे म्हणून.

मी बॉसला सांगितलं की ऐकू न येणाऱ्यांसाठी मनगटावर थरथरणारा एक पट्टा करू या. तो म्हणाला, कल्पना झकास आहे, पण आत्ता नको, पुढच्या वर्षी बघू. मी वाद घातला, तो ओशाळला, तरी नको म्हणाला. निलेश दोन रविवार घरी बसला आणि तिसऱ्या रविवारी त्याने माझ्या हातात एक पट्टा ठेवला, जुन्या घड्याळाचा. डबीने शिट्टी मोजली की पट्टा मनगटावर गुरगुरायचा.

त्याच संध्याकाळी मी आणि सर तो पट्टा आणि एक डबी घेऊन दहिसरला गेलो. डबी ओट्याला चिकटवली, पट्टा मावशीच्या हातात बांधला, कुकर लावला आणि तिला ओट्यापासून दूर नेऊ लागलो. ती येईना. दारापर्यंत आली, परत गेली. पुन्हा आली. पहिल्या शिट्टीला पट्टा गुरगुरला तशी तिने मनगट धरून माझ्याकडे पाहिलं, मग कुकरकडे, मग पुन्हा मनगटाकडे. आणि मग ती उंबऱ्याबाहेर आली. गॅलरीत बायका बसल्या होत्या. त्यांनी काही न विचारता सरकून जागा केली आणि एकीने आपली उशी तिच्या पाठीशी दिली. मावशी बसली. पाय पसरले. खालच्या पटांगणात कोणीतरी सायकल धूत होतं, ते तिने जरा वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता इतको वेळ मी काय करू गो?"

मी हसणार होते, पण सरांकडे लक्ष गेलं. ते ताडकन उठून उभे राहिले होते. मग त्यांनी आपलं स्टूल मावशीसमोर ओढलं, त्यावर नीट बसले आणि मला म्हणाले, "त्यांना सांग, यंत्रं करणाऱ्या सगळ्यांनी हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. त्यांना सांग, मी यावर विचार करतोय."

मी ओठांनी आणि खुणांनी जमेल तेवढं सांगितलं. मावशीने ते समजून घेतलं, मान डोलावली आणि शेजारणीपुढच्या सुपातला लसणाचा एक गड्डा सरांच्या हातात ठेवला. "करा विचार," ती म्हणाली. "सोलूक येता मा?"

सर विचार करत राहिले. पाकळी बोटांत धरायची, समोरच्या भिंतीकडे बघायचं, थोडं साल काढायचं, पुन्हा थांबायचं. मावशी शेजारणीच्या नातवाचे फोटो बघत होती. मनगट तिसऱ्यांदा गुरगुरलं तेव्हा ती लगबगीने उठली, आत जाऊन गॅस बंद करून आली आणि सरांसमोर वाकून सुपात डोकावली. सोललेल्या चार पाकळ्या होत्या.

"एवढो वेळ होतो तुमका, मास्तर," मावशी म्हणाली, "आनि चारच?"